‘आज नको, उद्या’ : रिफॉर्म बिल लांबवणारी मतदानं (१८३१-३२)

इंग्लंडच्या १८३२ च्या रिफॉर्म ॲक्टबद्दल आपण शाळेत दोनच ओळी शिकतो. ओल्ड सेरमसारख्या ओसाड जागेला दोन खासदार, मँचेस्टरला एकही नाही, म्हणून कायदा झाला. तो होईपर्यंतची निम्मी लढाई वेळेवरून झाली, हे मात्र राहून जातं.

२२ मार्च १८३१ ला कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनाला बाजूने ३०२, विरोधात ३०१. एका मताचा खेळ! एप्रिलात सरकार एका उपसूचनेवर हरलं, निवडणूक झाली, आणि जुलैत नवं बिल ३६७ विरुद्ध २३१ असं पुढे सरकलं. आता मतांनी हरवणं जमणार नव्हतं. राहिला वेळकाढूपणा.

१२ जुलैची रात्र बघा. बिल कमिटीत न्यायचं होतं. ॲपलबी गावाच्या वकिलाचं म्हणणं आधी ऐका, ही मागणी फेटाळली गेली. मग टोरींनी सभा तहकूब करायचा ठराव आणला. पडला. पुन्हा आणला, पुन्हा मतदान, पुन्हा पडला. दर खेपेला ठरावामागची माणसं कमी होत होती, पण सर चार्ल्स वेदरेल काही हटेनात. सभा उठली तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. वाद बंद करायचा नियमच तेव्हा नव्हता. तो आला १८८१-८२ मध्ये, तोही आयरिश खासदारांना आवरायला. पुढे एकेका गावावरून घासाघीस करत कमिटीचं काम सप्टेंबरपर्यंत चाललं.

८ ऑक्टोबरला लॉर्ड्सनी १९९ विरुद्ध १५८ मतांनी बिल फेटाळलं. नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला गेला. महिनाअखेर हेच वेदरेल न्यायदानासाठी ब्रिस्टलला गेले आणि तीन दिवस शहर पेटलं.

माझ्या मते सगळ्यात धूर्त चाल मात्र लॉर्ड लिंडहर्स्टची. एप्रिल १८३२ मध्ये लॉर्ड्सनी तिसऱ्या बिलाचं दुसरं वाचन ९ मतांनी मान्य केलं होतं. ७ मे रोजी लिंडहर्स्ट म्हणाले, गावांच्या जागा काढायची कलमं मागाहून घेऊ. दिसायला नुसता क्रम बदलायचा, पण बिलाचा जीवच त्या कलमांत. १५१ विरुद्ध ११६ ने ठराव पास झाला. पंतप्रधान ग्रे यांना त्यातली खोच लगेच कळली. नवे लॉर्ड नेमा नाहीतर राजीनामा घ्या, असं त्यांनी राजाला सांगितलं. राजाने राजीनामा घेतला. लोक बँकेतून सोनं काढू लागले, वेलिंग्टनना मंत्रिमंडळ जमेना, आणि आठवड्याभरात ग्रे परत आले, या वेळी राजाचं वचन घेऊन.

ते वापरावं लागलंच नाही. विरोधी लॉर्ड घरीच बसले. ४ जूनला तिसरं वाचन झालं, बाजूने १०६, विरोधात २२. ७ जूनला संमती मिळाली, पण चौथे विल्यम ती द्यायला स्वतः आले नाहीत.