ओ साबल : एका नदीचे वहिवाटदार

मिशिगन राज्याच्या उत्तर भागात ग्रेलिंग नावाच्या गावावरून पूर्वेकडे वाहत जाऊन ऑस्कोडाजवळ ह्यूरन सरोवराला मिळणारी ओ साबल नदी अमेरिकेच्या महानद्यांत गणली जात नाही. परंतु गळ टाकणारे आणि वल्हे मारणारे अशा दोन्ही पंथांत तिला मानाचे पान आहे. आषाढात दुथडी भरणाऱ्या आणि वैशाखात डबक्यांपुरत्या उरणाऱ्या नद्यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला तिची प्रकृती अपरिचित वाटेल. हिमयुगाने मागे ठेवलेल्या वाळूच्या जाड थरांत पाऊस आणि वितळलेले बर्फ जिरते, आणि तेच पाणी झऱ्यांच्या रूपाने, शीतल व निर्मळ होऊन, बारा महिने जवळजवळ एकाच मापाने पात्रात उतरते. या समप्रवाहावर नौका चालली, मासा पोसला आणि पुढे लाकडाचा व्यापारही फोफावला.

नदीचे जुने वहिवाटदार म्हणजे ओजिब्वे आणि त्यांच्या नात्यागोत्याच्या जमाती. भूर्जवृक्षाची साल सीडरच्या फासळ्यांवर ताणून, स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवून आणि सांधे राळेने बुजवून ते ज्या होड्या बांधीत, त्या इतक्या हलक्या असत की ओ साबलच्या उगमाकडून खांद्यावर उचलून त्या पश्चिमवाहिनी मॅनिस्टी नदीत सोडता येत, आणि एका महासरोवरातून दुसऱ्या महासरोवरात जाण्याचा मार्ग त्यामुळे खुला होई. १८१९ मध्ये सॅगिनॉ येथे गव्हर्नर लुईस कॅस याने केलेल्या तहनाम्याने सुमारे साठ लाख एकरांचा मुलूख सरकारजमा झाला, आणि ओ साबलचे मुख त्याच मुलुखात होते.

सरकारच्या मागोमाग लाकूडवाले आले. पांढऱ्या पाइनचे प्रचंड वृक्ष हिवाळ्यात तोडायचे, बर्फावरून घसरगाड्यांनी काठाशी आणून रचायचे आणि वसंतात पाणी चढले की प्रवाहात लोटून द्यायचे, असा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील क्रम होता. हजारो ओंडके एकाच पात्रातून उतरत असल्याने कोणता कोणाचा याची तक्रार उद्भवू नये म्हणून प्रत्येक मालक आपला शिक्का लोखंडी हातोड्याने ओंडक्याच्या तोंडावर ठोकीत असे, आणि तो शिक्का सरकारी दफ्तरात नोंदवलेला असे. नदीत तरंगणाऱ्या मालमत्तेची इतकी काटेकोर व्यवस्था लावणाऱ्या त्या राज्यकारभाराने नदीच्या तळाची मात्र कोणतीच नोंद ठेवली नाही.

तळाशी ग्रेलिंग मासा अंडी घालीत असे. पाठीवर शिडासारखे पसरणारे रंगीत पर मिरवणारा हा देखणा मासा तेथे इतका विपुल होता की रेल्वे येताच वसलेल्या गावाने त्याचेच नाव घेतले. वसंतात तो खडीवर अंडी घाली, आणि नेमक्या त्याच दिवसांत ओंडक्यांच्या लोंढ्याने खडी खरवडली जाई. उघड्या पडलेल्या काठांची वाळू उरलेल्या अंड्यांवर बसे, आणि सावली गेल्याने पाणीही तापू लागले. पुढील काळातील गळकऱ्यांनी या नाशाचे सारे खापर लाकूडवाल्यांच्या माथी फोडले, ते मला पुरते न्याय्य वाटत नाही. ज्या आगगाडीने पाइन शहरांकडे नेला, तिनेच शहरांतील हौशी शिकारी नदीवर आणले. एका दोरीला अनेक कृत्रिम माश्या बांधून एका फेकीत एकाहून अधिक ग्रेलिंग ओढणारे हे सभ्य गृहस्थ खाण्याच्या गरजेपलीकडे मासे मारीत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हा मासा ओ साबलमधून आणि १९३६ च्या सुमारास साऱ्या मिशिगनमधून नाहीसा झाला.

रिकामी झालेली नदी बाहेरच्या माशांनी भरून काढली. पूर्वेकडचा ब्रुक ट्राउट, कॅलिफोर्नियाचा रेनबो आणि जर्मनीचा ब्राउन ट्राउट हे तिघे येथे स्थिरावले. फ्रेड मेथर हा मत्स्यसंवर्धक १८७४ मध्ये ग्रेलिंगची अंडी मिळवण्यासाठी ओ साबलवर आला होता. पुढे १८८३ मध्ये बॅरन फॉन बेर याने जर्मनीहून पाठवलेली ब्राउन ट्राउटची अंडी उतरवून घेणाराही हाच मेथर. लाकूडवाल्यांचा वारसा होडीच्या रूपाने राहिला. शिधासामग्री वाहणाऱ्या त्यांच्या सपाट तळाच्या, लांबट, अरुंद नावेपासून 'ओ साबल रिव्हरबोट' घडली. वाटाड्या मागच्या टोकाला राहून लांब काठीने नाव रेटतो वा आवरतो. वेग मंदावण्यासाठी तळाशी साखळी सोडतो. आणि पुढे बसलेल्या पाहुण्याच्या आसनाखाली, नदीचे पाणी खेळते ठेवणाऱ्या छिद्रांच्या कप्प्यात, पकडलेले मासे जिवंत राहत.

१९११ ते १९२४ या काळात नदीच्या खालच्या भागात विजेसाठी सहा धरणे झाली. वल्हेकऱ्यांनी तीही आपल्या खेळात सामावून घेतली. १९४७ पासून भरणाऱ्या कनू मॅरेथॉनमध्ये दोघा-दोघांच्या जोड्या जुलै महिन्यात रात्री नऊला ग्रेलिंगच्या रस्त्यातून होडी उचलून धावत सुटतात, अंधारात नदीत उतरतात, सहाही धरणे पायी ओलांडतात आणि सुमारे १२० मैलांवरील ऑस्कोडा गाठतात. सर्ज कॉर्बिन आणि सॉलोमन कॅरिएर यांनी १९९४ मध्ये हे अंतर चौदा तासांच्या किंचित आत तोडले. उन्हाळ्यात भाड्याच्या कनूंचे तांडे घेऊन येणारी मंडळी आणि शांतता मागणारे गळकरी यांच्यातला तंटा मात्र जुना आहे, आणि दोघांचीही बाजू खरी असल्याने त्याचा निकाल लागत नाही.

राखणदारीचा अध्याय उशिरा सुरू झाला. मोटारधंद्यातील जॉर्ज मेसन याने मृत्युपत्राने दक्षिण शाखेवरील सुमारे १५०० एकर जमीन राज्याला दिली, ती कधीही विकू नये या अटीवर. १८ जुलै १९५९ रोजी जॉर्ज ग्रिफिथ याच्या नदीकाठच्या घरी सोळा माणसे जमली आणि 'ट्राउट अनलिमिटेड' ही संस्था स्थापन झाली. ग्रेलिंगखालच्या ज्या सुमारे आठ मैलांना गळकरी 'होली वॉटर' म्हणतात, तेथे आज केवळ कृत्रिम माशीचा गळ चालतो आणि धरलेला मासा पाण्यात परत सोडावा लागतो.

ज्यांच्यासाठी हे नियम झाले ते मासे येथील मूळ रहिवासी नव्हेत, आणि मूळ रहिवासी परत आणण्याच्या खटपटीत ओ साबल अद्याप बाजूलाच आहे: अलास्कातून आणलेल्या ग्रेलिंगच्या वंशाची अंडी २०२५ मध्ये मिशिगनमधील तीन मूळनिवासी जमातींच्या स्वाधीन झाली, ती मॅनिस्टी, मेपल आणि बोर्डमन-ऑटावे या नद्यांसाठी.