इनबॉक्स भरून वाहतोय? जीमेल आवरण्याआधी नेमकं काय भरलंय ते बघा

गेल्या वर्षी सांगलीहून मामेबहिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "दादा, ते म्हणतायत मेल पाठवला होता. माझ्याकडे आलाच नाही रे." एका कंपनीत तिचा इंटरव्ह्यू छान झाला होता. पुढची पायरी होती कागदपत्रांच्या पडताळणीची आणि तिची तारीख मेलवर कळवणार होते. तारीख उलटली, तेव्हा तिकडून फोन आला की मॅडम, तुम्ही आला का नाहीत?

मेल स्पॅममध्ये नव्हता, प्रमोशन्समध्येही नव्हता. तो तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता, कारण तिची १५ जीबी जागा पूर्ण भरली होती. जागा भरली की जीमेल नवे मेल घेणं थांबवतं आणि आलेला मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. तुम्हाला मात्र त्याची काहीच खबर लागत नाही. स्टोरेज संपत आल्याची पट्टी तिला कित्येक आठवडे दिसत होती. ती रोज ती बाजूला सारायची, जशी आपण सगळेच सारतो.

त्या रात्री तिने जागून हाताने चार हजार मेल डिलीट केले. सकाळी बघते तर आकडा जागचा हललेला नाही! असं का झालं ते कळलं की निम्मं काम झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जागा भरली ती मेलने नाही

जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा १ जीबी फुकट देणार म्हटल्यावर बऱ्याच लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं. आज १५ जीबी मिळतात, पण ते एकट्या जीमेलचे नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि गुगल फोटोज तिघांचं मिळून एकच कपाट आहे. १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये चढवलेले कमी साइजचे फोटोसुद्धा यात मोजले जातात. शिवाय २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच कपाटात आला. आधी तो मोजलाच जात नव्हता.

आता हिशोब बघा. जाहिरातीच्या एका मेलचे सरासरी ५० केबी धरले, तर १०,००० मेल म्हणजे साधारण ५०० एमबी. फोर-केमध्ये काढलेला लग्नातला दोनेक मिनिटांचा व्हिडिओ एकटाच त्याच्या आसपास जातो. माझ्या बहिणीचे चार हजार मेल म्हणजे फार तर २०० एमबी. तेही मोकळे झाले नाहीत, कारण डिलीट केलेला मेल आधी ट्रॅशमध्ये जातो, तिथे ३० दिवस पडून राहतो आणि तोवर जागा अडवतोच. ट्रॅश रिकामा केला तरच ती जागा सुटते.

तेव्हा पहिलं काम हे करा. जीमेल ॲप उघडा, वर उजव्या कोपऱ्यात आपल्या फोटोवर टॅप करा. १५ जीबीपैकी किती टक्के वापरले ते तिथे दिसेल. त्यावर टॅप केलं की जीमेलने किती, फोटोजने किती, ड्राइव्हने किती खाल्लं याची फोड मिळते. बहिणीच्या फोनवर व्हॉट्सॲप बॅकअप आणि फोटो हेच राक्षस निघाले, मेल बिचारे कोपऱ्यात होते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, तिथून चॅट बॅकअप, आणि तिथे व्हिडिओ बॅकअपमध्ये घ्यायचे की नाहीत याचं बटण असतं. ते बंद केलं आणि नवा बॅकअप घेतला. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ निघून गेले आणि दहा मिनिटांत जीमेल पुन्हा मेल घ्यायला लागलं. हे सगळं त्या रात्री माहीत असतं तर जागरण वाचलं असतं.

मेलमधलीच जागा सोडवायची असेल तर

एकेक मेल बघत बसू नका, मोठे मेल शोधा. सर्चमध्ये लार्जर हा शब्द, मग कोलन, मग १०एम असं लिहा. सगळं इंग्रजी अक्षरांत, आकडेही इंग्रजी आणि मध्ये स्पेस नाही. १० एमबीपेक्षा मोठे सगळे मेल समोर येतात. कॉलेजच्या प्रोजेक्टचे पीपीटी, कुणीतरी पाठवलेलं स्कॅन केलेलं अख्खं पुस्तक, असला ऐवज यात सापडतो. तुम्ही स्वतः पाठवलेले मेलही यात दिसतात. सेंटमधल्या अटॅचमेंट तुमच्याच जागेत मोजल्या जातात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

इथे इंजिनिअरचं एक पाल्हाळ. मेलची व्यवस्था मुळात फक्त मजकुरासाठी बनली, म्हणून फोटो किंवा पीडीएफ पाठवताना त्याचं अक्षरांत रूपांतर करावं लागतं. त्यात फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीची मर्यादा असताना २२ एमबीची फाइल कधीकधी जात नाही, ती याच कारणाने.

दुसरा प्रश्न: गर्दी

जागा सुटली तरी लाल गोळ्यात १२,४८६ न वाचलेले मेल दिसतातच. हा प्रश्न स्टोरेजचा नाही, नजरेचा आहे. कामाचा एक मेल सेलच्या चाळीस मेलखाली गाडला जातो. या दोन प्रश्नांची औषधं वेगळी आहेत आणि लोक नेमकी तिथेच गल्लत करतात. आर्काइव्ह केल्याने एक केबीही सुटत नाही, मेल फक्त इनबॉक्समधून हलून ऑल मेलमध्ये जातो. सर्च केला की सापडतो, आणि त्यावर कुणाचं उत्तर आलं की आपोआप परत इनबॉक्समध्ये येतो. माझं मत विचाराल तर नजरेसमोरची गर्दी हटवायला आर्काइव्हसारखं हत्यार नाही. वर्षापूर्वीचं सगळं आर्काइव्ह करून टाका, काहीही हरवत नाही.

त्यासाठी सर्चमध्ये ओल्डर, अंडरस्कोर, दॅन, कोलन, १वाय असं इंग्रजीत लिहा. वायच्या जागी एम लिहिलं तर महिने आणि डी लिहिलं तर दिवस. फक्त जाहिराती हव्या असतील तर एक स्पेस देऊन पुढे कॅटेगरी, कोलन, प्रमोशन्स. स्टार केलेले मेल वगळायचे असतील तर आणखी एक स्पेस, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून इझ, कोलन, स्टार्ड.

हे काम कॉम्प्युटरवर करा, फोनवर नाही. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये वरच्या चौकोनावर टिक केली की त्या पानावरचे मेल निवडले जातात, आणि लगेच वर एक ओळ येते की या शोधात सापडलेले सगळेच निवडायचे का. ती ओळ दाबली की हजारो मेल एका झटक्यात हलतात. फोनवरच्या ॲपमध्ये हे जमत नाही, अंगठा झिजतो. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राकडे तासभर बसा. इन्कॉग्निटो विंडो वापरा आणि उठताना लॉगआउट करायला विसरू नका.

प्रमोशन्समधलं सगळं सरसकट डिलीट करण्याआधी मात्र थांबा. मोबाइलचं बिल, वॉरंटीचा मेल, क्लासची फी भरल्याची पावती अशा गोष्टीही चुकून तिथे जाऊन बसतात. इनव्हॉइस, रिसीट, तिकीट, ऑफर लेटर हे शब्द एकेक करून शोधा, कामाचे मेल स्टार करा, मग झाडू मारा. ओटीपीचे मेल बिनधास्त उडवा.

नळ बंद केल्याशिवाय फरशी पुसू नये

झाडलं तरी दुसऱ्या दिवशी नवे तीस मेल हजर. ते कुठून येतात? तुम्हीच कधीतरी कूपनसाठी पत्ता दिलेला असतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने नियम कडक केलेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याला आपल्या जाहिरातीच्या मेलमध्ये एका टॅपमध्ये अनसबस्क्राइब करायची सोय द्यावीच लागते आणि तुमची विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. ते बटण मेलच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसतं. २०२५ पासून ॲपच्या डावीकडच्या मेनूत मॅनेज सबस्क्रिप्शन्स असंही एक पान आलंय. कोण किती मेल पाठवतं त्याची यादी तिथे एकत्र मिळते. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा एका बुटांच्या दुकानाचं नाव सगळ्यात वर होतं. तिथून बूट एकदाच घेतले होते, तेही भावाला!

एक सावधगिरी. ओळखीच्या दुकानांना अनसबस्क्राइब करा. पण लॉटरी लागली, केवायसी अडकलं असल्या अनोळखी मेलच्या पोटातली अनसबस्क्राइब लिंक कधीही दाबू नका. त्याने फक्त हा पत्ता चालू आहे एवढं त्यांना कळतं, किंवा तुम्ही भलत्याच साइटवर जाऊन पोचता. तिथे सरळ रिपोर्ट स्पॅम.

कामाचे मेल वर कसे आणायचे

टॅब चालू असतील तर फोन फक्त प्रायमरीतल्या मेलसाठी वाजतो. नोकरीच्या पोर्टलचा मेल प्रमोशन्समध्ये पडला तर आवाजही होत नाही. असा मेल दिसला की तीन टिंबांवर टॅप करून मूव्ह टू आणि प्रायमरी निवडा. दोन-तीनदा असं केलं की जीमेल बहुतेक वेळा शिकतं.

बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, म्हणून पक्का उपाय फिल्टर. हाही ॲपमध्ये बनवता येत नाही, ब्राउझरमध्येच बनतो. पण एकदा बनला की फोनवर आपोआप लागू होतो. सर्च बॉक्सच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह आहे, ते दाबा. पाठवणाऱ्याच्या रकान्यात मेल पत्ता टाका. पूर्ण पत्ता माहीत नसेल तर अॅट चिन्हाच्या पुढचा भाग टाकला तरी चालतो, म्हणजे त्या कंपनीतून कुणीही पाठवलं तरी पकडलं जाईल. क्रिएट फिल्टर दाबा. नोकरी, कॉलेज, बँक यांच्यासाठी स्टार लावा, नेव्हर सेंड इट टू स्पॅमवर टिक करा आणि कॅटेगरी प्रायमरी ठेवा. उलट, ऑर्डर डिलिव्हर झाली छापाच्या मेलसाठी स्किप द इनबॉक्स आणि एक लेबल. लेबल म्हणजे फोल्डर नव्हे, एकाच मेलला दोन-तीन लेबलं लागू शकतात. तरी पाचपेक्षा जास्त लेबलं बनवू नका. मी एकदा तेवीस बनवली होती आणि कुठलं कशासाठी होतं ते महिन्याभरात मीच विसरलो.

फॉर्म भरताना उपयोगी पडणारी एक युक्ती: पत्त्यात आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह टाकून पुढे कुठलाही शब्द लिहिला, तरी मेल तुमच्याकडेच येतो. शॉपिंग असा शब्द लावला तर त्या पत्त्यावर फिल्टर लावता येतो. काही साइट अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तिथे इलाज नाही. नावातल्या टिंबांना मात्र जीमेल काहीच किंमत देत नाही, टिंब असो नसो, खातं तेच. माझ्याच आडनावाचा कुणी गृहस्थ आपला पत्ता चुकीचा देतो आणि त्याची वीजबिलं मला येतात. त्याने टिंब घातला म्हणून वेगळं खातं होत नाही, हे त्याला सांगायची सोय नाही.

बहिणीचं पुढे काय झालं? तिने त्यांना मेल परत आल्याचं स्पष्ट कळवलं आणि पर्यायी पत्ता म्हणून माझा दिला. चार दिवसांनी दुसरी तारीख मिळाली. आता तिने नोकरीचे अर्ज आणि बँक यांच्यासाठी जुना पत्ता ठेवलाय आणि कूपन, गेम, सेल यांच्यासाठी नवा काढलाय. तुम्हीही असं केलंत तर त्या दुसऱ्या खात्यात अधूनमधून लॉगिन करा. दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते खातं आतल्या सगळ्या सामानासकट काढून टाकू शकतं.