देणारा कोण, घेणारा कोण?

चिनी मातृभाषेच्या विद्यार्थ्याच्या तोंडून ‘कॅन यू बॉरो मी अ पेन?’ हे वाक्य हमखास निघते. म्हणायचे असते ‘लेंड’. ही चूक निष्काळजीपणाची नाही. चिनीत उसने देणे आणि उसने घेणे, दोन्हीला एकच क्रियापद आहे: ‘जिए’. त्याला ‘गेई’, म्हणजे देणे, जोडले की वस्तू समोरच्याकडे जाते. ‘कडून’ अशा अर्थाचा शब्द माणसाआधी आला की ती आपल्याकडे येते. ‘जिए’च्या चिनी अक्षराच्या डाव्या अंगाला ‘माणूस’ हे चिन्ह असते, ते मला फार आवडते.

इंग्रजीची दोन क्रियापदे दोन वेगळ्या मुळांची. ‘बॉरो’ जुन्या इंग्रजीतल्या ‘बोर्ग’वरून आला, बोर्ग म्हणजे तारण, हमी. हमी देऊन घ्यायचे, ते बॉरो. ‘लेंड’चे मूळ ‘लॅनन’. त्यात शेवटचा ‘ड’ नव्हताच. भूतकाळी रूपातला ‘ड’ मध्ययुगात मूळ धातूला कायमचा चिकटला. ‘लोन’ त्याच कुळातला, पण नॉर्स भाषेतून आलेला.

आणि बॉरोचा सख्खा जर्मन भाऊ ‘बोर्गेन’? तो आजही दोन्ही अर्थांनी चालतो! म्हणजे चिनी विद्यार्थ्याची ‘चूक’ इंग्रजीच्या भावकीत शुद्ध ठरते.

मराठी माणसाला हे पटकन उमगावे. वाटीभर साखर आपण उसनी आणतो आणि उसनीच देतो. शब्द एकच, दिशा ठरवते ते पुढचे क्रियापद. चिनी विद्यार्थ्याला शिकवताना ‘लेंड’शेजारी ‘जिए गेई’ लिहावे. गोंधळ तिथेच सुटू लागतो.