दारुड्याला पेशंट म्हणायला लावणारी बाई

दारू सुटत नाही म्हणजे माणूसच नालायक, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. बेवडा, दारुडा, पिऊन पडलेला... शब्दांना तोटा नाही. 'पेशंट' हा शब्द मात्र पटकन कुणाच्या तोंडी येत नाही. म्हणून आज मार्टी मॅन या अमेरिकन बाईंबद्दल लिहितोय.

जन्म १९०४, शिकागोच्या सधन घरातला. न्यूयॉर्क, लंडनमध्ये काम, मोठी मित्रमंडळी आणि सोबत दारू. तिशी उलटेपर्यंत काम गेलं, पैसा गेला, तब्येत गेली. १९३९ मध्ये त्या एका मनोरुग्णालयात असताना डॉ. हॅरी टीबॉउट यांनी त्यांच्या हातात एका पुस्तकाचं हस्तलिखित ठेवलं, 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चं. त्या सभेला गेल्या. सुरुवातीला पाय घसरला, पण परत उभ्या राहिल्या.

इथपर्यंत ही एका व्यक्तीची गोष्ट. खरं काम पुढचं.

त्या काळी अमेरिकेत दारुड्याची जागा म्हणजे कोठडी नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. बरीच साधी हॉस्पिटलं दाखलच करून घेत नसत. घेतलंच तर कागदावर दुसराच आजार लिहायचा! १९४४ मध्ये येल विद्यापीठाच्या पाठबळावर मार्टीबाईंनी राष्ट्रीय समिती काढली आणि तीन गोष्टी गावोगाव सांगितल्या: हा आजार आहे, हा माणूस बरा होऊ शकतो आणि त्याला बरं करणं मोलाचं आहे, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, म्हणून जबाबदारीही सगळ्यांची.

दारूचं व्यसन हा आजार आहे असं म्हणणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. डॉ. बेंजामिन रश यांनी अठराव्या शतकातच ते लिहून ठेवलं होतं. पण एका बाईने व्यासपीठावर उभं राहून, स्वतःचं नाव घेऊन, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणणं हे त्या काळात फार मोठं होतं. १९५६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने अशा पेशंटना हॉस्पिटलात दाखल करून घ्यावं, असं जाहीर केलं. १९७० मध्ये उपचारांसाठी केंद्रीय कायदा आला. १९८० मध्ये मार्टीबाई गेल्या.

आता कुणी म्हणेल, आजार म्हटलं की सगळं माफ का? अजिबात नाही. मधुमेह झाला हा गुन्हा नाही, पण पथ्य पेशंटलाच पाळावं लागतं. बायकोवर हात उचलला तर पोलीस केस व्हायलाच हवी. उपचार आणि जबाब, दोन्ही.

आपल्याकडे १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारात धरल्यात. कागदावर आपण मार्टीबाईंपर्यंत पोचलो. घरात मात्र अजून 'कोंडून ठेवा, आपोआप सुटेल' चालूच आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे कुलूप नाही, डॉक्टर लागतो.

तो डॉक्टर, तो बेड आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे का? पुढच्या वेळी मतं मागायला येतील त्यांना हे विचाराच. आणि घरात कुणी असेल तर लपवू नका. ताप लपवतो का आपण?