दोषदर्शन आणि विनय : ऑगस्टीन-जेरोम पत्रव्यवहारातील अंत्युखियाचा प्रसंग

ख्रिस्ती परंपरेत दोषदर्शनाच्या स्वीकाराची चर्चा बहुधा नीतिबोधाच्या अंगाने होते. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात मात्र हाच प्रश्न अर्थनिर्णयाच्या वादातून पुढे आला. या वादाचे मूळ पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीस बसणारा पेत्र, याकोबाकडील माणसे येताच भयाने दूर झाला, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला, असे तेथे म्हटले आहे. पेत्राने काय उत्तर दिले, हे पत्रात नाही.

हे मौनच पुढील वादाचे क्षेत्र ठरले. बेथलेहेमवासी जेरोमने इ. स. ३८६च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या भाष्यात ओरिजेनचे मत अनुसरून, हा कलह श्रोत्यांच्या हितासाठी योजिलेला देखावा होता, असे प्रतिपादन केले. प्रेषितांची प्रतिष्ठा त्यामुळे अबाधित राहत होती. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोच्या ऑगस्टीनला हे मान्य नव्हते. शास्त्रात एक असत्य मान्य केले की कोणतेच वचन विश्वासार्ह उरत नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप होता.

आक्षेप कळविणारे पहिले पत्र इ. स. ३९४-९५च्या सुमारास लिहिले गेले, पण ते वेळेवर पोहोचलेच नाही. नंतरच्या पत्राची प्रत जेरोमच्या हाती पडण्यापूर्वी इटलीत फिरू लागली. वयाने व विद्वत्तेने ज्येष्ठ असलेल्या जेरोमला ही जाहीर अवहेलना वाटली, हे स्वाभाविक होते. पौलाने पेत्राला सर्वांदेखत दोष दिला होता. इथे अपघाताने का होईना, तोच प्रसंग दोन भाष्यकारांमध्ये पुन्हा घडला.

इ. स. ४०५च्या सुमाराच्या दीर्घ पत्रात ऑगस्टीनने वादाला निराळे वळण दिले. पौलाचे धैर्य अनुकरणीय आहेच. परंतु कनिष्ठाकडून आलेले दोषदर्शन पेत्राने विनयाने स्वीकारले, हा आदर्श अधिक दुर्मिळ व अधिक पवित्र होय, असे तो म्हणतो. त्याने तिसऱ्या शतकातील कार्थेजच्या सिप्रियनचाही आधार घेतला. त्याच पत्रात बिशपपद पुरोहितपदाहून वरचे असले तरी अनेक बाबतींत आपण जेरोमहून उणे आहोत, अशी कबुलीही आहे. मूळ पत्रातील मौनाचा अर्थ विनय असा लावणारा भाष्यकार स्वतःच्या लेखनातही तीच वृत्ती जोपासू पाहतो, असे दिसते.

या युक्तिवादाचे मर्म असे : दोष खरा नसेल, तर त्याचा स्वीकारही खरा नाही. जेरोमच्या अर्थाने पेत्र निर्दोष ठरतो, पण त्याचा विनय नाहीसा होतो. ऑगस्टीनच्या अर्थाने पेत्राचे स्खलन उघड होते आणि त्यातूनच त्याची थोरवी सिद्ध होते.

पुढे जेरोमने इ. स. ४१५च्या पेलेजियसविरोधी संवादग्रंथात पेत्र दोषास पात्र होता, असे सूचित केले. जाहीर माघार त्याने घेतली नाही. तरी ऑगस्टीनने हा बदल टिपला. स्वतः ऑगस्टीनने इ. स. ४२६-२७मध्ये ‘रेट्रॅक्टेशनेस’ या ग्रंथात आपल्या ९३ कृतींची क्रमाने फेरतपासणी केली. श्रद्धेचा आरंभ माणसाकडून होतो, हे आपले आरंभीचे मत त्याने तेथे चुकीचे ठरविले.

अशा रीतीने भाष्य, पत्र आणि पुनर्विलोकन हे तिन्ही प्रकार एका प्रश्नाशी बांधले गेले. दोषदर्शनाचा विनयशील स्वीकार हा येथे केवळ सद्गुण राहत नाही; संहितेशी प्रामाणिक राहण्याची ती अट ठरते.