अँटिगनीच्या सतरा ओळी

सोफोक्लीझचे 'अँटिगनी' वाचताना आपण नेमके कोणाचे नाटक वाचत असतो? प्रश्न वरवर विचित्र वाटेल. परंतु हे नाटक इ.स.पू. ४४१च्या सुमारास अथेन्समध्ये झाले असे मानले जाते, आणि सोफोक्लीझची सातही उपलब्ध नाटके ज्यात सापडतात ते फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयातले प्रसिद्ध हस्तलिखित आहे दहाव्या शतकातले. मधली सुमारे चौदाशे वर्षे नकलांची आणि नकलांच्या नकलांची. १५०२ मध्ये व्हेनिसला आल्डुसच्या छापखान्यात सोफोक्लीझ प्रथम छापला गेला, तेव्हापासून संपादकांची परंपरा सुरू झाली. संपादकाने पाठ ठरवायचा, अनुवादकाने तो आपल्या भाषेत आणायचा आणि वाचकाने त्यालाच सोफोक्लीझ म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. संपादकाचे निर्णय बहुधा तळटीपेत राहतात. या नाटकात मात्र एक जागा अशी आहे, जिथे त्याच्या निर्णयाने नायिकेचा स्वभावच बदलतो.

राजा क्रेऑनची आज्ञा मोडून अँटिगनीने भावाच्या, पॉलिनायसीसच्या, प्रेतावर माती टाकली. पकडली गेल्यावर ती राजाला सुनावते, की देवांचे अलिखित नियम माणसाच्या फर्मानांहून श्रेष्ठ आहेत. जगाला माहीत असलेली अँटिगनी ती हीच. पुढे तिला जिवंतपणी गुहेत कोंडण्यासाठी नेतात तेव्हा मात्र, ९०४ ते ९२० या ओळींत, ती निराळेच बोलते. नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी नगराविरुद्ध गेले नसते, असे ती म्हणते. नवरा गेला तर दुसरा मिळेल, मूल गेले तर दुसऱ्यापासून होईल. आईबाप मृत्युलोकी गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा जन्माला येणार नाही. मग त्या अलिखित नियमांचे काय झाले? ते सर्वच मृतांना लागू होते ना?

हे भाषण गटेला सोसले नाही. १८२७ मध्ये एकरमानशी बोलताना हा त्याला नाटकावरचा डाग वाटला, आणि एखाद्या चांगल्या भाषापंडिताने तो प्रक्षिप्त ठरवावा अशी इच्छा त्याने बोलून दाखवली. हा संवाद निघाला होता तो हिन्रिख्स या हेगेलच्या शिष्याच्या पुस्तकावरून. आणि हेगेलने तर १८०७ मध्येच भाऊ-बहिणीचे नाते कुटुंबातले सर्वांत निर्मळ नाते मानून, बहिणीला भावाची हानी कधीच भरून निघत नाही, असे प्रतिपादले होते. म्हणजे एकाने ज्यावर विचार उभारला, तेच दुसऱ्याला पुसून टाकावेसे वाटले. गटेला हवा असलेला पंडितही आधीच होऊन गेला होता : आउगुस्ट याकोबने १८२१ मध्येच या ओळींवर आक्षेप घेतला होता.

आक्षेप केवळ अभिरुचीचा नाही. हाच युक्तिवाद हिरोडोटसच्या इतिहासात येतो. दारयवहू राजा इंताफर्नेसच्या बायकोला घरच्या कैद्यांपैकी एकाला सोडवण्याची मुभा देतो. ती भावाला निवडते आणि हेच कारण सांगते. तिथे भाऊ जिवंत आहे, तो वाचू शकतो. इथे तो मेलेला आहे. मग 'पुन्हा मिळणार नाही' या म्हणण्याला अर्थ काय? कोणा नटाने ही उसनवारी पुढे केली असावी, असा तर्क निघतो. नट भर घालत असत हे खरेच आहे, म्हणूनच इ.स.पू. ३३०च्या सुमारास अथेन्सच्या लायकर्गसने तिन्ही शोकनाट्यकारांच्या अधिकृत प्रती करवून घेतल्या. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून, पुढे कोणी पदरची ओवी घालू नये, असे एकनाथांनी बजावले. त्यामागची चिंता हीच होती.

दुसऱ्या बाजूला एक मोठा साक्षीदार उभा आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात यांतल्याच ओळी सोफोक्लीझच्या म्हणून दिल्या आहेत. एखादी गोष्ट ऐकणाऱ्याला अविश्वसनीय वाटणार असेल तर लगेच कारण सांगावे, याचे उदाहरण म्हणून. प्रक्षेप असेलच, तर तो पहिल्या प्रयोगानंतर शतकभरातच इतका रुजला, की ॲरिस्टॉटललाही शंका आली नाही, असे मानावे लागते.

आता संपादक आणि अनुवादक काय करतात ते पाहू. रिचर्ड जेब यांची आवृत्ती १८८८ची. पुष्कळ विचार करूनही या ओळी सोफोक्लीझच्या आहेत असे मला मानता येत नाही, असे ते स्पष्ट सांगतात. तरीही मूळ ओळी आणि समोर त्यांचा गद्य अनुवाद वाचकापुढे ठेवतात. १९३९ मध्ये डडली फिट्स आणि रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांचा इंग्रजी अनुवाद आला. तो प्रवाही होता, रंगभूमीला सोयीचा होता, अमेरिकेतल्या वर्गावर्गांतून वाचला गेला. त्यात या सतरा ओळी गाळल्या आहेत. तो वाचणाऱ्या विद्यार्थ्याची अँटिगनी शेवटपर्यंत तत्त्वाची मूर्ती राहते, आणि मागची टीप न वाचणाऱ्याला तिच्या तोंडून काही काढून घेतले आहे याचा पत्ताही लागत नाही. पुढे वारे फिरले. रॉबर्ट फेगल्स यांच्या १९८२च्या अनुवादाच्या प्रस्तावनेत बर्नार्ड नॉक्स यांनी या ओळींची बाजू मांडली. लॉइड-जोन्स आणि विल्सन यांनी १९९०च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत त्या राखल्या.

संशय घेणे हे संपादकाचे कामच आहे. पण संशयाचेही शील असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना जे श्लोक संहितेतून वगळले, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. ज्याला निर्णय पटत नाही, त्याला वाद घालायला सामग्री उरली. शंकेचा कंस घातला की वाचक विचारात पडतो. कात्री चालवली की त्याला विचार करायला काही राहतच नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. गटेला कृत्रिम वाटलेला हा युक्तिवाद आपल्या कानांना परका नाही. पाली जातककथांत 'उच्छंग जातक' आहे. त्यातली स्त्री कोसलच्या राजाकडे नवरा आणि मुलगा सोडून भावाचे प्राण मागते, कारणही हेच देते. वाल्मीकीचा राम मूर्च्छित लक्ष्मणापाशी याच धर्तीवर विलाप करतो. लोकमानसात इतका दूरवर पसरलेला हा विचार अथेन्सच्या प्रेक्षकाला डागासारखा वाटला असेल, असे मानणे कठीण आहे.

अँटिगनी हे बोलते तेव्हा तिच्यापुढे क्रेऑनची सभा नाही, मृत्यू आहे. देवांनीही तिला वाऱ्यावर सोडले आहे असे तिला वाटू लागले आहे. अशा वेळी माणूस सिद्धान्ताला धरून राहत नाही. ज्याच्यासाठी जीव दिला त्या एकाचे नाव घेतो. ती तत्त्वापासून ढळली म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की तिने केलेल्या कृत्याबद्दल ती अखेरपर्यंत क्षमा मागत नाही.

मराठी वाचक ग्रीक नाटकाकडे बहुधा इंग्रजीच्या वाटेने जातो. त्या वाटेवर आधीच कोणी काय उचलून घेतले आहे, हे त्याला सहसा सांगितले जात नाही. म्हणून 'अँटिगनी'चा कोणताही अनुवाद हाती आला की आधी तिचे ते अखेरचे भाषण उघडून पाहावे. भाऊ पुन्हा जन्माला येणार नाही, हे वाक्य तिथे असेल, तर तिला तिचे पूर्ण बोलू दिले आहे असे समजावे.