लोकवर्गणी आणि लुप्त होणारे तंत्र : तळेगावचा पैसा फंड व ‘न्यू ५५’ इन्स्टंट फिल्म – एक तुलनात्मक विचार

प्रस्तावना :

कराड तालुक्यातील उंब्रज परिसरात लोकवर्गणी ही संकल्पना कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. याच तालुक्यातील काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे मुष्टिफंडातून घरोघरी जमलेल्या मूठमूठ धान्यावर वसतिगृहातील मुलांची जेवणे झाली. एकविसाव्या शतकात हीच कल्पना ‘क्राउडफंडिंग’ हे नाव घेऊन संगणकाच्या पडद्यावर अवतरली आणि तिच्या आधारे बंद पडलेली उत्पादने पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न झाले. अनेकांच्या लहान लहान रकमांतून एखादे लुप्त तंत्र पुन्हा उभे राहते काय, आणि राहिलेच तर ते कशाच्या बळावर टिकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी अमेरिकेतील ‘न्यू ५५’ फिल्म आणि महाराष्ट्रातील पैसा फंड ही दोन उदाहरणे घेतली आहेत.

१. टाइप ५५ : स्वरूप आणि लोप

एडविन लँड यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये झटपट छायाचित्रणाचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. १९४८ च्या अखेरीस पोलरॉइड कॅमेरा बाजारात आला. मोठ्या आकाराच्या, तिपाईवरील कॅमेऱ्यासाठी याच कंपनीने १९६१ मध्ये ‘टाइप ५५’ ही ४ × ५ इंची फिल्म आणली. तिच्या पाकिटात निगेटिव्ह, छायाचित्राचा कागद आणि रसायनाची बंद पुडी अशी तीन अंगे असत. पाकीट दोन रुळांमधून ओढले की पुडी फुटून रसायन दोन्ही पृष्ठांच्या मध्ये पसरे. प्रकाश न लागलेल्या भागातील चांदीचे क्षार त्यात विरघळून कागदाकडे जात आणि तेथे चांदी होऊन चित्र उमटे. टाइप ५५ चे वैशिष्ट्य असे की, छायाचित्राबरोबरच पुढे मोठी प्रत काढता येईल अशी निगेटिव्हही हाती येई. सोडियम सल्फाइटच्या द्रावणात ती स्वच्छ केली की काम झाले. प्रकाशाचा अंदाज बरोबर होता की नाही, हे छायाचित्रकारास जागेवरच कळे. म्हणून या फिल्मला त्या वर्तुळात मोठी प्रतिष्ठा होती.

अंकीय छायाचित्रणाच्या रेट्यापुढे हा व्यवसाय टिकला नाही. पोलरॉइड कंपनीने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये इन्स्टंट फिल्मचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. त्याच वर्षी ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ या गटाने नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील यंत्रसामग्री घेतली व काही जुन्या कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने २०१० मध्ये नवी फिल्म बाजारात आणली. परंतु ती लहान कॅमेऱ्यांची होती. मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यासाठी टाइप ५५ ची जागा घेणारे काही त्यात नव्हते.

२. न्यू ५५ : वर्गणीतून पुनर्जन्म

ही उणीव भरून काढण्याचे काम मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅशलँड येथे बॉब क्रॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. २०१४ च्या वसंतात त्यांनी ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावरून ४ लाख डॉलरचे आवाहन केले. ठरलेली रक्कम मुदतीत न जमल्यास कोणाचाही पैसा घ्यायचा नाही, असा तेथील नियम आहे. मे महिन्यात उद्दिष्ट पार पडले आणि जगभरच्या छायाचित्रकारांनी आनंद व्यक्त केला.

खरी अडचण यानंतर सुरू झाली. पुडी, पाकीट, कागद, निगेटिव्ह यांपैकी प्रत्येक घटक स्वतंत्रपणे जमवावा किंवा तयार करून घ्यावा लागे आणि जुळणी बरीचशी हाताने होई. परिणामी एका छायाचित्रास सुमारे १५ डॉलर खर्च येऊ लागला. या दराने पाहिले तर ४ लाख डॉलर म्हणजे अवघ्या २६ हजारांच्या आसपास छायाचित्रांची किंमत होते. एका कारखान्याच्या भांडवलाशी तुलना करता ही रक्कम किती तोकडी होती, हे यावरून लक्षात येते. २०१६ मध्ये फूजीफिल्मनेही आपली एफपी-१००सी ही सोलून वेगळी करण्याची फिल्म बंद केल्याचे जाहीर केले. २०१७ च्या अखेरीस न्यू ५५ चे कामही थांबले.

३. पैसा फंड : एक पैशाचे गणित

महाराष्ट्रात याच्या शंभर वर्षे आधी एक प्रयोग झाला होता. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा व त्यातून स्वदेशी उद्योग उभारावेत, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. एका रुपयाचे तेव्हा ६४ पैसे होत. म्हणजे एक लाख माणसांनी वर्गणी दिली तरी जमणार १,५६२ रुपये ८ आणे! तरीही या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचे तांत्रिक मार्गदर्शन त्यास लाभले.

तळेगावचा हा प्रयोग केवळ बाटल्या व चिमण्या तयार करण्यासाठी नव्हता. काच ओतण्याचे व फुंकण्याचे शिक्षण देणे हाही त्याचा हेतू होता. तेथे शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेले. १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडी येथे ओगले काच कारखाना निघाला. त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. याच कारखान्यासाठी भाऊराव पाटील यांनी काही काळ विक्रीचे काम केले, ही गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे.

४. तुलना

दोन्ही प्रयोगांत पैसा लहान होता आणि देणारे अनेक होते. भेद आहे तो देण्यामागील अपेक्षेत. पैसा फंडास पैसा देणाऱ्याने त्याबदल्यात काचेचा पेला मागितला नव्हता. त्यामुळे तो पैसा माणसे शिकविण्यावर खर्चता आला. न्यू ५५ चा वर्गणीदार मात्र प्रामुख्याने आगाऊ किंमत मोजणारा ग्राहक होता. त्याच्या पैशाचा मोबदला फिल्मच्या रूपाने देणे क्रमप्राप्त होते. रक्कम हाती येताच ती ऋण झाली. यंत्रे व कारागीर घडविण्यास पुरेशी गंगाजळी मागे उरली नाही.

याचा अर्थ न्यू ५५ चा प्रयत्न व्यर्थ गेला असा नव्हे. महामंडळाएवढ्या कंपनीने सोडून दिलेली वस्तू मूठभर माणसे पुन्हा तयार करू शकतात, हे त्याने सिद्ध केले. तथापि वर्गणीतून वस्तू निर्माण होते, परंपरा निर्माण होतेच असे नाही, हेही त्यातूनच स्पष्ट झाले.

समारोप :

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. उदकमंडलम येथे केंद्र शासनाने १९६० मध्ये स्थापन केलेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनी ‘इंदू’ या नावाने फिल्म व कागद तयार करीत असे. तीही आता बंद पडली आहे. तिच्या पुनरुज्जीवनासाठी कोणी वर्गणी काढावी असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. मात्र रसायनांचे प्रमाण, अंधारखोलीतील हातखंडा, काचभट्टीचा रंग पाहून उष्णता ओळखण्याची नजर ही माणसांबरोबर जाणारी संपत्ती आहे. कारखान्याची यंत्रे भंगारात गेली तरी विकत आणता येतील. हे ज्ञान तसे येणार नाही. आपल्या परिसरातील वृद्ध कारागिरांच्या व छायाचित्रकारांच्या मुलाखती, त्यांच्या वह्या आणि अवजारे यांची नोंद इतिहास, रसायनशास्त्र व वाणिज्य या विभागांनी मिळून केली, तर त्यास लागणारा खर्च एका पैशाच्याच मोलाचा ठरेल. तळेगावच्या फंडाने लोकांचा पैसा माणसांत गुंतविला, म्हणून त्याचे फळ कारखान्याच्या भिंतीबाहेरही दिसले. लोकवर्गणीच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच आहे.